कात्रीचा हात आणि मसाज गन

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर उचललेला असतो. खरं वाटत नसेल तर कुठल्याही टेलरिंगच्या दुकानात जाऊन बघा. कापड टेबलावर पसरलेलं, मान खाली, कात्री उजव्या हातात. कात्री पुढे सरकते तसतसा खांदा कानाकडे चढत जातो. कापून झालं की तो खाली यायला हवा. वीस-बावीस वर्षं हेच काम केलं की तो वरच राहायला लागतो.

कर्वेनगरला राहत्या घरातच, पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाऊज, फॉल-पिको हे बारा महिने असतंच, पण अलीकडे शिवलेल्या नऊवारीचं काम फार वाढलंय. ढोलपथकातल्या मुलींना पाच मिनिटांत चढवता येईल आणि मिरवणुकीत सुटणार नाही अशी नऊवारी हवी असते. ऑर्डरी श्रावणापासून सुरू होतात. गौरी-गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. काष्ट्याच्या निऱ्या धरून त्यावर टीप मारताना पैठणीचं सगळं वजन डाव्या हातावर येतं आणि उजवा हात कापड पुढे ढकलत राहतो. ह्यात मानेची वाट लागणारच.

माझी दुखण्याची जागा ठरलेली. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत एक ताठ पट्टा, आणि त्याच्या बरोबर मध्ये एक गाठ. तिच्यावर बोट दाबलं की कळ कानामागून थेट कपाळाच्या बाजूला जायची. सकाळी उठल्यावर रिक्षावाल्याकडे वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं.

घरगुती उपाय सगळे झाले. सासूबाई भोरच्या. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला आधी मिठाचा शेक, मग महानारायण तेल, आणि दोन्हीने भागलं नाही तर पायाळू माणूस. पायाळूने पाय लावला की उसण जाते, ह्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. वरच्या मजल्यावरच्यांचा नातू पायाळू आहे हे त्यांनी कुठून शोधून काढलं कोण जाणे, पण एका संध्याकाळी त्या चौथीतल्या मुलाने बूट-मोजे काढून अत्यंत गंभीर चेहऱ्याने माझ्या खांद्याला पाय लावला. त्याला चॉकलेट मिळालं. उसण होती तिथेच राहिली, तो मात्र रोज खाली येऊन “काकू, आज लावू का?” विचारायला लागला.

शेवटी कोथरूडला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी खांद्याला हात लावायच्या आधी बरेच प्रश्न विचारले. बोटांना मुंग्या येतात का? हातातून वस्तू पडतात का? रात्री झोपेतून जाग येईल इतकं दुखतं का? चालताना, जिने चढताना छातीत किंवा हातात कळ येते का? मग माझ्या दोन्ही मुठी दाबून बघितल्या, कोपरावर आणि मनगटापाशी छोटी हातोडी मारून बघितली. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “नस दबलेली वाटत नाही. स्नायू थकलाय. ह्याला ट्रॅपेझियस म्हणतात, कवटीच्या तळापासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला असतो. तुम्ही त्याला दिवसभर ओव्हरटाइमला बसवता.”

त्यांनी व्यायाम दिले: हनुवटी आत घ्यायची, खांदे मागे नेऊन पाठीची पाती जवळ आणायची, रबरी पट्टा दाराला बांधून ओढायचा. साधेच, पण मला होईनात. मान थोडी वळली की कळ यायची, मी थांबायची, आणि न केल्यामुळे दुसऱ्या दिवशी ती आणखी आखडायची. हे सांगितल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून ड्रिलमशीनच्या आकाराचं एक यंत्र, म्हणजे मसाज गन, काढलं आणि त्याचं गोल डोकं माझ्या खांद्यावर नुसतं टेकवलं. दोनेक मिनिटं ते धडधडत होतं. मग म्हणाल्या, आता मान वळवा. वळली! पूर्ण नाही, पण घड्याळात अकरावर अडकायची ती दहापर्यंत गेली.

मी लगेच विचारलं, हे कुठे मिळतं. त्या म्हणाल्या, “मिळेल हो कुठेही, पण ह्याने तुम्ही बऱ्या होणार नाही. दुखणं थोडा वेळ दबेल. त्या वेळात व्यायाम उरकायचा. व्यायाम करणार नसाल तर पैसे घालवू नका.”

दुखणं का दबतं हेही त्यांनी सांगितलं. दाराच्या फटीत बोट चेमटलं की आपण काही विचार न करता ते चोळतो किंवा झटकतो. स्पर्शाची आणि कंपनाची वर्दी नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात, दुखण्याची वर्दी नेणाऱ्या बारीक आणि सावकाश. पाठीच्या कण्यात दोन्ही वर्द्या जिथे पोचतात तिथे पहिलीचा जोर झाला की दुसरीला वर जायला अडथळा होतो. मेलझॅक आणि वॉल ह्या दोघांनी १९६५ साली हे मांडलं. ‘गेट कंट्रोल थिअरी’ म्हणतात. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. म्हणजे यंत्र गाठ ‘फोडतं’ वगैरे जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. ते मज्जातंतूंना थोडा वेळ दुसरीकडे गुंतवून ठेवतं, आणि स्नायू तेवढ्यात ढिला पडतो. २०२० साली ऑस्ट्रियात ग्राझ विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं हे यंत्र चालवून बघितलं होतं. घोटा साधारण ५ अंश जास्त वाकायला लागला आणि पोटरीची ताकद होती तेवढीच राहिली. माझ्या मानेचं जे झालं ते ह्याच जातीचं.

खरेदीचा किस्सा मला जास्त सांगावासा वाटतो, कारण इथे माझा धंदा कामाला आला. लेकीने मोबाइलवर पंचवीस मॉडेलं दाखवली. दीड हजारापासून पंचवीस हजारापर्यंत, आणि सगळ्यांवर एकच फोटो: पिळदार पाठीचा माणूस. मी तिला म्हटलं, हातात घेतल्याशिवाय मी सुईसुद्धा विकत घेत नाही. मग डेक्कनला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे दोन-तीन यंत्रं चालू करून बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की हे आपल्या मशीनचंच भावंड आहे. आत मोटर गोल फिरते, तिच्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खिळा असतो, आणि त्याला जोडलेला दांडा वरखाली होतो. शिलाई मशीनमध्ये त्या दांड्याच्या टोकाला सुई, इथे रबराचा गोळा. वेग मात्र इथे कमी. इंडस्ट्रियल मशीन मिनिटाला पाच हजारांपर्यंत टाके मारतं. ही यंत्रं साधारण १८०० ते ३२०० ठोके देतात.

एकदा हे कळल्यावर काय बघायचं तेही कळलं. दुकानदार वेगाचंच सांगत होता: तीस स्पीड आहेत ताई, तीस! तीस स्पीडचं मी काय करणार? मशीन घेताना आम्ही बघतो की सुई किती खोल जाते आणि जीन्सचे चार थर आले की मोटर अडते का. इथेही तेच दोन आकडे महत्त्वाचे. गोळा पुढे-मागे किती जातो त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. चांगल्या यंत्रात तो १० ते १२ मिलिमीटर असतो, महागड्या काहींत १६. स्वस्तातली ६-७ मिलिमीटरवर थांबतात. ती कातडीवर नुसती थरथरतात, आत काही पोचत नाही. दुसरा आकडा म्हणजे किती दाबल्यावर मोटर बंद पडते तो, स्टॉल फोर्स. खोक्यावर तो बहुधा छापलेला नसतो, म्हणून मी सरळ तळहातावर दाबून बघितलं. एक यंत्र जरासं दाबताच गुरगुरून थांबलं. दुसरं थांबलं नाही, आवाजही कमी होता. ते साडेचार हजारांना घेतलं. बरोबर चार डोकी आली: गोल, चपटं, दुबेळक्यासारखं दोन टोकांचं आणि एक टोकदार. टोकदार डोकं मॅडमनी बघताक्षणी बाजूला ठेवायला लावलं, आता त्याच्यावर मी शटलचे स्प्रिंग अडकवून ठेवते.

वजन मात्र दुकानात लक्षात येत नाही. किलोच्या आसपासचं यंत्र दुखऱ्या हाताने उचलून दुखऱ्याच खांद्यावर धरणं म्हणजे एक दुखणं मिटवायला दुसरं ओढवून घेणं. उजव्या खांद्याला डाव्या हाताने पोचता येतं, पण पाठीच्या पात्याच्या आतल्या कडेला आपला हात जात नाही. तिथे घरातलं दुसरं कुणीतरी लागतं. जाहिरातीतली बाई एकटीच सोफ्यावर बसून सगळीकडे फिरवत असते, तिचा हात कसा पोचतो ते त्या कंपनीलाच माहीत.

माझी पद्धत मॅडमनी आखून दिली तशीच आहे. रात्रीची भांडी आवरली की लाकडी खुर्चीवर बसायचं, पाठ टेकून, हात मांडीवर. अंगात सुती कुर्ता. उघड्या कातडीवर नाही आणि तेल लावून तर नाहीच. गोल डोकं, सगळ्यात कमी वेग. यंत्र आधी चालू करून मग टेकवायचं, आणि टेकवायचं म्हणजे फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने. दाबायचं नाही. खांद्याच्या टोकाकडून मानेच्या मुळाकडे सावकाश, बोटभर अंतर जायला दोन-तीन श्वास लागतील इतकं सावकाश. गाठ आली की तिथे थोडं थांबायचं, कळ कमी होत नसेल तर बाजूला सरकायचं. एका जागी मिनिट-दोन मिनिटं, त्याच्या वर नाही. हाड लागलं की आवाज बदलतो, ठक-ठक होतो. कान तयार असले तर न बघता कळतं. मला कळतं, कारण सुई प्लेटवर आपटायला लागली की जसा आवाज येतो तो मी झोपेतही ओळखते.

मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला कधीही नाही. तिथून मेंदूकडे रक्त जातं. काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे नाही. पाठीच्या मणक्यांवर नाही, आणि बरगड्या संपतात तिथे, मूत्रपिंडाच्या जागी नाही. हे सगळं मी एका कागदावर लिहून डब्यात ठेवलंय, कारण घरात ते वापरणारी मी एकटी नाही.

यंत्र बंद केलं की लगेच रबरी पट्टा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि हाच टाळावासा वाटतो. खांदा सैल झालेला असतो, झोप आलेली असते, कोण उठणार. पण ज्या आठवड्यात पट्टा ओढला नाही त्या आठवड्यात सकाळी मान पुन्हा आखडलेली असायची, यंत्र रोज फिरवलं तरी. पट्टा नेमाने ओढायला लागल्यावर काही आठवड्यांनी फरक टिकायला लागला. त्याच सुमाराला कापायच्या टेबलाखाली सुताराकडून ठोकळे बसवून घेतले. जेवायच्या टेबलाची उंची तीस इंच असते, मी इतकी वर्षं तिथेच वाकून कापत होते. आता ते छत्तीसवर आलंय आणि गळा कापताना मान निम्मीसुद्धा झुकत नाही. खांद्याच्या सुधारणेत ह्या ठोकळ्यांचा वाटा यंत्रापेक्षा मोठा असावा असं मला वाटतं. ठोकळ्यांची जाहिरात कुणी करत नाही, एवढंच.

घरात यंत्र आल्यावर पहिला हक्क माझ्या नवऱ्याने सांगितला. हे रोज दुचाकीवरून भोसरी एमआयडीसीला जातात, कंबर कायमची धरलेली. लहानपण शुक्रवार पेठेत, तालमीत मालीश बघितलेलं, त्यामुळे जेवढं दुखेल तेवढं गुणकारी अशी ठाम समजूत. पहिल्याच दिवशी सगळ्यात वरचा वेग लावून यंत्र कंबरेत रुतवून बसले.

“अहो, भिंतीला भोक पाडताय का?”

“अगं, लागतंय म्हणजे काम करतंय.”

मॅडमनी मला एक नोंदलेली केस सांगितली होती, ती मी ह्यांना ऐकवली. एका तरुण मुलीच्या सायकल चालवून थकलेल्या मांड्यांवर प्रशिक्षकाने मसाज गन चालवली. नंतर लघवी गडद तपकिरी व्हायला लागली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली होती. त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात, त्याने मूत्रपिंडाला धोका होतो. अशी उदाहरणं विरळा, पण त्या रात्रीपासून वेग एकवर आला. ह्यांच्यासाठी खरी जागा कंबर नव्हतीच. मॅडमनी सांगितलं की दिवसभर बसून कुल्ल्याचे आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, तिथे चपटं डोकं फिरवा. कंबरेवर न लावता कंबर हलकी झाली, ह्याचं आमच्याकडे अजून आश्चर्य चाललंय.

सासूबाईंना मात्र नाही म्हणावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं. अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्यांना रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाला ह्या ठोक्यांनी आत रक्त साकळू शकतं. शिवाय हाडं ठिसूळ. “सगळ्यांना चालतं, मलाच बरं चालत नाही” म्हणून दोन दिवस अबोला. मॅडमशी फोनवर बोलणं करून दिलं तेव्हा पटलं. त्यांच्या पायांना मी आता हाताने, हलकं तेल लावते. त्या यंत्राकडे बघतात आणि म्हणतात, “ठोकून घ्यायला तुम्ही काय लोखंड आहात का?”

हीच यादी पुढे वाढवायची तर: पेसमेकर असलेले, गरोदर बायका, पायात रक्ताची गाठ झालेले, फुगलेल्या निळ्या शिरा असलेले, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले. शेवटच्या लोकांना जास्त झालेलं कळतच नाही. ह्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. ताजी सूज, मुरगळ, काळंनिळं झालेली जागा ह्यावरही नाही.

आता ताणाबद्दल. खोक्यावर ‘स्ट्रेस रिलीफ’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय आणि मला त्याचं हसू आलं होतं. ज्या बाईकडे दसऱ्याच्या आठवड्यात दिवसाला तीस फोन येतात, “काकू, झालं का ब्लाऊज?”, तिचा ताण रबराच्या गोळ्याने कसा जाणार? तो जात नाहीच. ऑर्डरची वही भरली की नवीन काम घ्यायचं नाही असं ठरवलं तेव्हा कमी झाला. पण यंत्राचा एक फायदा खोक्यावर छापलेला नाही. त्याचा आवाज इतका असतो की फोनवर बोलता येत नाही. टीव्ही ऐकू येत नाही. कुणी काही विचारलं तर “थांब, बंद करते मग सांग” म्हणावं लागतं, आणि तेवढं थांबायची कुणाची तयारी नसते, सगळे निघून जातात. आमचं यंत्र दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं. ती दहा मिनिटं घरातलं कुणी मला हाक मारत नाही. खांद्यावर गोळा असला की दात आवळलेत हे कळतं, श्वास वरच्या वर घेतोय हे कळतं; दिवसभर कळत नाही. तळपायावर चपटं डोकं सावकाश फिरवून झोपलं की मला झोप लवकर लागते. त्यात यंत्राचा भाग किती आणि दहा मिनिटांच्या शांततेचा किती, हे वेगळं करायची मला गरज वाटली नाही.

बाकी जे दावे करतात, चरबी वितळते, शरीरातली विषं बाहेर पडतात, ते सोडून द्या. चरबी ठोक्यांनी वितळत असती तर भोसरीच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांनी आमच्या ह्यांची केव्हाच वितळली असती.

देखभाल फारशी नाही. डोकी ओल्या फडक्याने पुसायची, हवेच्या जाळीत धागे आणि कापडाचा कोंडा जातो तो ब्रशने काढायचा. माझ्या खोलीत हे जरा जास्तच करावं लागतं. बॅटरी लिथियमची, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवत नाही.

माप द्यायला आलेल्या बायका टेबलावर यंत्र बघतात आणि किंमत विचारतात, लिंक पाठवा म्हणतात. मी आधी मॅडमचे प्रश्न विचारते. मागच्या महिन्यात एकीने, मुंग्या येतात का ह्यावर “हो, अंगठा आणि दोन बोटं, आणि परवा चहाचा कप सुटला हातातून” असं सहज सांगितलं. तिला लिंक पाठवली नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तिच्या मानेतली नस दबली होती; आता गोळ्या आणि ट्रॅक्शन चालू आहे, बरं वाटतंय म्हणाली. प्रिन्सेस कटचं तिचं ब्लाऊज शिवून तयार आहे, ते न्यायला मात्र अजून आलेली नाही.